गप्प माणसांचा नकार

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की साधनकेरी मागे पडते आणि थोड्याच वेळात केलगेरी येते. तळ्याकाठचं हे खेडं आता हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या हद्दीत आलं आहे. या भागातल्या माणसांविषयी महाराष्ट्रात एक चित्र वर्षानुवर्षं पक्कं बसलेलं आहे. धारवाडी माणूस म्हणजे मवाळ. पेढे, पाऊस आणि गाणं यांत रमणारा, पेन्शनीत समाधानी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हे चित्र प्रेमाने काढलेलं आहे, म्हणून त्याला कुणी हरकत घेत नाही. ती घ्यायला हवी. प्रेमाने मारलेला शिक्काही शिक्काच असतो आणि ज्याच्या कपाळी तो बसतो त्याचा अर्धा माणूस झाकला जातो. 'गरीब गाय', 'सोशिक', 'नाकासमोर चालणारा' अशी विशेषणं ज्यांना सर्रास लावली जातात, त्यांच्या मनात काय चाललं आहे याची चौकशी सहसा कुणी करत नाही. विशेषण सापडलं की चौकशी संपते. केलगेरीपासून हाकेच्या अंतरावर राहून गेलेल्या काही माणसांची आयुष्यं पाहिली, तर या घाईत काय काय नजरेआड होतं ते कळतं.

साधनकेरीला दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे राहत. जन्म धारवाडचा, ३१ जानेवारी १८९६चा. घरची भाषा मराठी, कॉलेजचं शिक्षण पुण्यात फर्ग्युसनमध्ये. पुढे धारवाडात शाळामास्तर. त्या काळच्या कुठल्याही मराठी घरातल्या हुशार मुलाची असावी अशी ही वाट. पण या मास्तरांनी आयुष्यभराची कविता लिहिली ती कन्नडमध्ये, तीही धारवाडच्या रस्त्यावरच्या, बाजारातल्या, बायकांच्या गप्पांतल्या कन्नडमध्ये. १९७३चं ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंती' या कन्नड कवितासंग्रहासाठी मिळालं. मराठी त्यांनी सोडली नाही. मराठीतही ते लिहीत राहिले आणि १९४४पासून बारा वर्षं सोलापूरच्या कॉलेजात शिकवत होते. 'घरात मराठी म्हणजे मनाने मराठीच्या बाजूचा, कन्नड लिहितो म्हणजे मराठीच्या विरुद्ध' या हिशेबात बेंद्रे कुठेच बसत नाहीत. हा हिशेब सीमाभागात आजही रोज मांडला जातो आणि त्यात रोज माणसं चुकीच्या रकान्यात पडतात.

या मास्तरांचा आणखी एक पैलू आहे. 'नरबलि' या कवितेपायी इंग्रज सरकारने त्यांना पकडलं. काही महिने हिंडलग्याच्या तुरुंगात आणि नंतर धारवाडजवळच्या मुगद गावी नजरकैदेत ठेवलं. शाळेची नोकरी गेली आणि पुढची कित्येक वर्षं संसाराची ओढाताण झाली. सरकारी नोंदीतला राजद्रोही आणि वर्गातला कवितेत रमणारा मास्तर ही एकच व्यक्ती होती. वर्गात बसलेल्या मुलांपैकी किती जणांना हे आधी ओळखता आलं असेल?

त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते. शिकवायचं इंग्रजी, आजूबाजूला कन्नड, कथा मराठीत. गॉगल लावणारा, सभा-संमेलनं टाळणारा, कॉलेज आणि घर यांपलीकडे फारसा न दिसणारा प्राध्यापक. 'काजळमाया'ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला. जी.एं.नी पुरस्कार परत करून टाकला. पत्रकार परिषद नाही, मोर्चा नाही, व्यासपीठ नाही. जो माणूस लाजाळू म्हणून प्रसिद्ध होता, त्याने दिल्लीच्या मोठ्या संस्थेला जे उत्तर दिलं ते भल्याभल्या भाषणबाजांना जमलं नसतं. लाजाळूपणा आणि भित्रेपणा यांची गल्लत करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तरीही बेंद्रे आणि जी. ए. हे लेखक. शब्द त्यांच्या हातात होते, बंड नोंदवायला कागद होता. ज्यांच्या हातात कागदही नव्हता त्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी गंगूबाई हनगल यांच्याकडे वळायला हवं.

गंगूबाईंचा फोटो मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सहज येतो. काठाची साडी, ठसठशीत कुंकू, दोन्ही बाजूंना चमकी, चेहऱ्यावर घरातल्या आत्याचं हसू. या रूपात बंड शोधायला कुणी जाणार नाही. त्यांचा जन्म ५ मार्च १९१३ला धारवाडात झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. त्यांचं गाणं ऐकायला अब्दुल करीम खाँसाहेबही येत. पण गाणाऱ्या बाईचं घर म्हणजे काय, हे त्या काळातल्या पेठेत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नसे. लहानपणी शेजारच्या उच्चवर्णीयांच्या बागेत आंबे वेचायला गेल्यावर गाणारणीची पोर आवारात शिरली म्हणून झालेला गहजब गंगूबाईंनी पुढे आठवणींत सांगितला आहे. गाणं शिकायला जाता-येताना लोकांनी मारलेले टोमणेही सांगितले आहेत.

१९२४च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष महात्मा गांधी. त्यांच्यासमोर स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. त्या दिवसाविषयी सांगताना त्यांना मंडप, गर्दी, गांधीजी यांच्याइतकीच आठवत होती ती जेवणाच्या वेळची धास्ती. आपल्या जातीमुळे आपल्याला वेगळं तर बसवणार नाहीत? उष्टी तर काढायला सांगणार नाहीत? देशाच्या स्वातंत्र्याचं गाणं गाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात पंगतीची भीती होती. अस्पृश्यता निवारणावर बोलणाऱ्या नेत्यांच्या भाषणांत ही भीती सापडत नाही, ती त्या मुलीच्याच आठवणीत सापडते.

मुलगी हिंदुस्थानी संगीतात तयार व्हावी, तिच्या गळ्यावर दुसऱ्या पद्धतीचा परिणाम होऊ नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं कर्नाटकी गाणं बाजूला ठेवलं. घर हुबळीला हलवलं. एका आईने आपली आयुष्यभराची विद्या लेकीसाठी गप्प केली. त्यागाच्या गोष्टींत तिची नोंद सहज होते. बंडाच्या यादीत मात्र तिचं नाव कुणी घालत नाही. घालायला हवं, कारण गाणाऱ्या बाईच्या मुलीने काय व्हावं हे जगाने ठरवून ठेवलेलं होतं आणि या बाईने ते मानलं नाही.

पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकणं. हुबळीहून रोज आगगाडीने जायचं, धडा घ्यायचा, रात्रीच्या गाडीने परतायचं. घरी लहान मुलं. कुंदगोळच्या स्टेशनापर्यंत सोबतीला कधी गुरुघरी राहणारा तरुण भीमसेन जोशी असे. सोळाव्या वर्षी ब्राह्मण वकील गुरुराव कौलगी यांच्याशी त्यांचं सहजीवन सुरू झालं होतं, पण संसाराचा आर्थिक भार बहुतांशी गंगूबाईंच्या गाण्यावरच राहिला. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर नाव 'गांधारी'. आवाज तेव्हा नाजूक होता. घशाच्या दुखण्यानंतर तो खाली उतरला, रुंद आणि भारदस्त झाला. बाईचा आवाज कोवळा असायला हवा, हाही एक शिक्काच. गंगूबाईंनी त्या बदललेल्या आवाजाला गोड करण्याची खटपट केली नाही. त्याच आवाजात षड्ज लावला आणि किराणा घराण्याची संथ बढत अशी मांडली की रेडिओवर ऐकणाऱ्याला गायक पुरुष असावा असं वाटे. पुरुष गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहतात, हे त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं.

त्यांनी कोणतीही चळवळ उभारली नाही. जातीविरुद्ध जाहीरनामा काढला नाही. घरातली माणसं, स्वयंपाक, पाहुणे, शिष्य हे सगळं सांभाळत त्या गात राहिल्या. ज्या शेजाऱ्यांच्या बागेतून हाकललं जात असे, तशाच घरांतून पुढे पंगतीला मानाची आमंत्रणं आली. १९७१ला पद्मभूषण, २००२ला पद्मविभूषण मिळालं. २१ जुलै २००९ला हुबळीत त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झालं. अशा आयुष्याला 'साधी, सोज्वळ, घरगुती बाई' म्हणणं खोटं नाही, पण ते इतकं अपुरं आहे की त्याने अन्याय होतो. त्यांचं साधेपण खरं होतं आणि नकारही खरा होता. दोन्ही एका माणसात मावतात हेच शिक्का मारणाऱ्याला मान्य नसतं.

हुबळीच्याच भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या सुधा मूर्तींची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. कॉलेजात ती एकटी मुलगी; साडी नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही या अटी तिने मान्य केल्या. मग १९७४ला टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं वाचलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. अटी पाळणारी मुलगी आणि पोस्टकार्ड लिहिणारी मुलगी एकच होती. शिस्तीत वागणारा माणूस सगळं पटल्यामुळेच शिस्तीत वागत असतो, असं धरून चालणारे लोक नेहमी चकित होतात.

ही झाली नावं असलेली माणसं. पण गावोगावच्या, नाव नसलेल्या बायकांच्या मनात काय होतं, याचा मराठीत एक अफाट पुरावा आहे. जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अनेक वर्षं खपून, हजाराहून अधिक गावांतून, लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. दळणाच्या ओव्या म्हणजे माहेरचं कौतुक, भावाची वाट, पंढरीचा विठ्ठल, असा सर्वसाधारण समज. ते सगळं आहेच. पण त्याच्याच शेजारी मुलीला जन्म देऊन परक्या घरी ढकलणाऱ्या आईबापांवरचा राग आहे, सासरच्या मारझोडीचा हिशेब आहे, बाईच्या जन्मालाच सुनावलेले बोल आहेत. काही ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांबद्दलची माया आहे.

हे कुणासमोर गायलं जाई? पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, दुसऱ्या बाईसमोर. पुरुष झोपलेले. उजाडलं की तीच बाई डोईवरचा पदर सारखा करून, खाली मान घालून कामाला लागे आणि गाव म्हणे, किती सोशिक! राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या केदाह प्रांतातल्या भातशेतीच्या गावात मुक्काम करून १९८५ला 'वेपन्स ऑफ द वीक' हे पुस्तक लिहिलं. मालकासमोर मान तुकवणारा गरीब माणूस पाठीमागे त्याची नक्कल करतो, कामात दिरंगाई करतो, टोपणनावं ठेवतो, मूठभर धान्य बाजूला काढतो; त्याची मान तुकलेली असली तरी मत तुकलेलं नसतं, हे त्यांनी तपशिलाने दाखवलं. मराठी बायकांनी हे जात्यावर बसून कितीतरी आधी सिद्ध केलेलं होतं. फरक एवढाच की त्यांचं म्हणणं गोळा करायला कुणी तरी पोचायला फार उशीर झाला.

मग प्रश्न असा उरतो की इतका नकार घराघरांत साठलेला असताना रूढी टिकतात कशा?

एक उत्तर उघड आहे आणि ते आधी सांगितलं पाहिजे. बोलण्याची किंमत असते. नोकरी जाते, घर सुटतं, मार बसतो, जीवही जातो. २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडच्या कल्याणनगरात, राहत्या घराच्या दारात, कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. धारवाडच्या मवाळपणाच्या गोष्टी सांगताना हा दरवाजाही आठवला पाहिजे. ज्याला गप्प राहावं लागतं त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्यांना नाही.

दुसरं उत्तर मात्र कमी बोललं जातं. गप्प माणसाला वाटत असतं की असं वाटणारा आपण एकटेच. सॉलोमन अॅश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. रेषांची लांबी ओळखायची. आधीच पढवून ठेवलेली बाकीची माणसं एकसुरात चुकीचं उत्तर देत, आणि खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कधी ना कधी त्या चुकीत सामील होत, समोर दिसत असूनही. पण त्या मंडळींत बरोबर उत्तर देणारा एक जरी साथीदार बसवला, तर माना डोलावण्याचं प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर येई. एक माणूस पुरेसा असे. अलीकडे, २०२०मध्ये, सौदी अरेबियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रियाधमधल्या विवाहित तरुण पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्यांनी खाजगीत होकार दिला. इतरांना काय वाटत असेल, असं विचारल्यावर मात्र सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांनी तो आकडा खऱ्यापेक्षा कमी सांगितला. जो तो आपल्याला सुधारक आणि शेजाऱ्याला कर्मठ समजत होता. खरी आकडेवारी कळल्यावर बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवणाऱ्यांची संख्या वाढली.

रियाधची ही गोष्ट कुठल्याही मराठी वाड्यावस्तीत जशीच्या तशी घडते. 'आमचं काही नाही हो, पण लोक काय म्हणतील' हे वाक्य घराघरांत उच्चारलं जातं, आणि ज्यांना 'लोक' म्हटलं जातं ते आपापल्या घरी हेच वाक्य बोलत असतात. शिक्क्यांचं खरं बळ इथे आहे. 'आपल्या समाजात हे चालत नाही', 'खेड्यातली माणसं ऐकणार नाहीत', 'म्हाताऱ्या बायका तर मुळीच नाही' अशी विधानं करणारा प्रत्येक जण गप्प माणसाचा एकटेपणा वाढवत असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच. मराठी नाटक-सिनेमांत कानडी बोलणारा माणूस हसण्यापुरता येतो. कन्नड बाजूला मराठी बोलणारा दिसला की आंदोलक समजला जातो. हुबळी-धारवाडात असंख्य घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, त्यांना दोन्हीकडच्या घोषणांत जागा नसते आणि तीही घरं मग गप्प बसतात.

साथीदार मिळाला की काय होतं, याचं एक उदाहरण मुंबईतलं, १९व्या शतकातलं. विधवेचं केशवपन ही रूढी सुधारकांच्या भाषणांचा आणि सनातन्यांच्या शास्त्रार्थाचा विषय होती. वाद घालणारे सगळे शिकलेले, उच्चवर्णीय. वस्तरा चालवणाऱ्याला मात्र कुणी मत विचारलं नव्हतं. त्याचा धंदाच तो, पोट त्यावरच, त्याला काय वाटायचं आहे! १८९०च्या मार्चमध्ये मुंबईत शेकडो नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केस यापुढे कापायचे नाहीत असा निर्धार झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीचा त्यामागे हात होता. पण हात धरायला आधी मनं तयार असावी लागतात. रडणाऱ्या कोवळ्या मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरवताना या माणसांना काय वाटत आलं होतं, ते त्या सभेत पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. एकेकट्याने नकार दिला असता तर यजमानाने दुसरा नाभिक बोलावला असता. सगळ्यांनी मिळून दिल्यावर तो मार्ग उरला नाही.

वस्तऱ्याच्या दुसऱ्या बाजूचीही एक बाई आहे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विधवा झाल्यावर रूढीप्रमाणे केस काढलेले, अंगावर आलवण. याच वेशात त्या कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुढे त्यांनी केस ठेवण्याचा निर्णय घेतला, त्यावरून बोलणी खाल्ली. १९१८ला, चाळिशी उलटलेली असताना, इंग्रजी शिकायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या. आलवणातल्या बाईला रस्त्यात पाहणाऱ्या किती जणांच्या मनात आलं असेल की ही एकटी समुद्र ओलांडेल?

इथे एक सावधगिरीही हवी. दडलेलं बंड म्हटलं की ते चांगलंच असेल, असं नाही. हेल्मेट न घालणारा, सिग्नल तोडणारा, कर चुकवणारा, सुनेच्या जातीवरून घरात अबोला धरणारा, यांनाही आपण कुणाचं ऐकत नाही याचा अभिमान असतो. गर्दीत चेहरा लपला की मवाळ माणसाच्या हातात दगडही येतो. म्हणून नकार आहे एवढ्यावर टाळी वाजवता येत नाही. त्या नकाराने ओझं कुणाच्या खांद्यावरून उतरलं आणि कुणाच्या खांद्यावर गेलं, हे पाहावं लागतं. नाभिकांनी वस्तरा खाली ठेवला तेव्हा तोटा त्यांचा झाला आणि सुटका दुसऱ्याची झाली. गंगूबाईंनी टोमणे सोसले आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट रुंद केली. ही कसोटी लावली की खरं आणि खोटं बंड वेगळं काढणं फारसं अवघड राहत नाही.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं या प्रथा गावात बंद. हेरवाड कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं, शेतीवर जगणारं गाव. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी आधी स्वतःपुरतं लिहून दिलं होतं की आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीला या प्रथा पाळायला लावू नयेत. तेच आवाहन त्यांनी गावांना केलं आणि हेरवाडने ते उचललं. दोन आठवड्यांत, १७ मेला, राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं परिपत्रक काढलं. 'खेड्यातली माणसं ऐकणार नाहीत' असं शहरात बसून सांगणाऱ्यांना खेड्यानेच उत्तर दिलं. मुंबई-पुण्यातल्या किती हाउसिंग सोसायट्यांनी, किती ज्ञातिमंडळांनी असा ठराव केला, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

ठरावाने सगळं झालं असं कुणी म्हणणार नाही. दहाव्या दिवशी घरात काय होतं, हे अजून नात्यातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या हातात असतं आणि त्यांनाही 'लोक काय म्हणतील' हीच धास्ती असते. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी बांगड्या न फोडणाऱ्या घराला गावासमोर एकट्याने उभं राहावं लागे. आता ठरावाचा कागद त्याच्या बाजूने आहे. अॅशच्या प्रयोगातला तो एक साथीदार म्हणजे हा कागद.

असे साथीदार आणखी उभे करणं शक्य आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र महिला सभा घेणं बंधनकारक आहे. कित्येक गावांत ती रजिस्टरात होते. सह्या आणि अंगठे घरोघर फिरून गोळा केले जातात. ती खरोखर भरवली पाहिजे, आणि तिथे पहिला अर्धा तास चिठ्ठ्यांना द्यावा. नाव न घालता, लिहिता न येणारीने शेजारणीकडून लिहून घेऊन, प्रत्येकीने एवढंच सांगायचं की गावातली कोणती रीत तिला मनापासून पटत नाही. मग चिठ्ठ्या मोजून आकडा सगळ्यांसमोर वाचायचा. ग्रामसेवकाला यासाठी वह्यांची पानं आणि एक रिकामा डबा लागेल. शाळेच्या पालकसभेत, सोसायटीच्या वार्षिक बैठकीत, कारखान्याच्या युनियनमध्ये, ज्ञातिमंडळाच्या वधू-वर मेळाव्यातही हे करता येईल. तिथे हुंड्याबद्दल, पत्रिकेबद्दल, जातीबाहेरच्या स्थळाबद्दल विचारावं. सीमाभागातल्या गावांनी तर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चिठ्ठ्या घ्याव्यात. आकडा पहिल्या सभेत लहान निघाला, तर पुढच्या सभेत पुन्हा मोजावा.